सायकलीच्या दुकानातून

1903 साली अमेरिकेत राइट बंधूंचे विमान उडाले आणि इकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंचा लोखंडी नांगर तयार झाला. दोन्ही जोड्यांनी त्याआधी सायकलीचे दुकान चालवले होते. हा निव्वळ योगायोग का?

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची रेखाकृती शिकवत. 1888च्या सुमारास ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवू लागले. तेथे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. एका सायकलीला 700 ते 1000 रुपये पडत. सायकल चालवायला शिकवण्याची फी 15 रुपये होती. विक्रीबरोबर दुरुस्तीही ओघाने आली. 1897 मध्ये नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर नांगर अशी वाटचाल झाली. लोखंडी नांगराविषयी शेतकऱ्यांच्या मनात शंका होत्या. त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपवणे हे ते घडवण्याइतकेच कठीण गेले. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ऑर्व्हिल आणि विल्बर राइट यांनी डेटन गावी 1892 मध्ये दुकान काढले. 1896 पासून ते 'व्हॅन क्लीव्ह' आणि 'सेंट क्लेअर' या नावांनी स्वतःच्या सायकली बनवू लागले. पंखावर वाऱ्याचा जोर किती पडतो हे मोजण्यासाठी 1901 मध्ये त्यांनी सायकलीच्या हँडलवर एक आडवे चाक बसवले आणि त्यावर पंखाचा नमुना लावून सायकल जोरात पळवली! विमानाचे इंजिन चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने दुकानातल्याच लेथवर आणि भोक पाडण्याच्या यंत्रावर घडवले. इंजिनाची गती दोन पंख्यांपर्यंत नेली ती साखळ्यांनी. त्यांतली एक साखळी आठाच्या आकड्यासारखी पीळ देऊन बसवली होती. त्यामुळे दोन पंखे उलटसुलट दिशांनी फिरत आणि त्यांचे पीळ परस्परांना मारत. 17 डिसेंबर 1903 रोजी हे विमान पहिल्यांदा उडाले ते 12 सेकंद, सुमारे 37 मीटर.

सायकलीत असे काय आहे? तिचे बहुतेक भाग उघडे असतात. समजा, पायडलच्या चक्राला 48 दाते आहेत आणि मागच्या चक्राला 16. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक तीन फेरे घेते. चाकाचा परीघ 2.2 मीटर असेल, तर सायकल 6.6 मीटर पुढे जाते. पण अंतर वाढले की जोरही जास्त लावावा लागतो. फुकट काही मिळत नाही. छर्रे घर्षण कमी करतात आणि बारीक तारांचे चाक ताणाच्या बळावर माणसाचे वजन पेलते. बिघाड झाला तर कारण डोळ्यांना दिसते, आणि दुरुस्ती जमली की नाही ते सायकल चालवताच कळते. निरीक्षण, तर्क आणि पडताळा हीच तर विज्ञानाची रीत.

मुदखेडच्या एखाद्या वर्गात तरफ आणि घर्षण हे धडे फळ्यावर शिकवण्याआधी एक सायकल उलटी उभी करून पाहावी. दाते मोजावेत, फेरे मोजावेत, अंतर काढावे आणि जमिनीवर मोजून ताळा करावा. सुट्टीत सायकलच्या दुकानात काम करणारा एखादा विद्यार्थी वर्गात असेल, तर त्या दिवशी पाना त्याच्या हाती द्यावा. त्याला जे हाताने येते ते शब्दांत मांडायला शिकवणे, एवढेच आपले काम उरते.