पंधरा वॅटचा आय-सेव्हन

२०१७ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात लॅपटॉपवर ‘कोअर आय-७’चं स्टिकर दिसायचं आणि डेस्कटॉपच्या डब्यावर ‘कोअर आय-५’चं. सात हे पाचापेक्षा मोठे, एवढा हिशोब सगळ्यांनाच येतो. मुलगी इंजिनिअरिंगला लागली म्हणून चार पैसे जास्त मोजून आय-७चा लॅपटॉप घेणारा बाप स्वतःच्या समजुतीप्रमाणे वरचाच माल घेऊन घरी जात होता.

आत काय होतं ते बघू. त्या काळातल्या पातळ लॅपटॉपमध्ये सर्रास सापडणाऱ्या आय-७-७५००यू या प्रोसेसरमध्ये कोअर, म्हणजे काम करणारे स्वतंत्र भाग, दोनच होते. डेस्कटॉपच्या साध्या आय-५-७४०० मध्ये होते चार. पहिला १५ वॅटचा, दुसरा ६५ वॅटचा. वर्ड उघडा, मेल बघा, दोघांत फरक कळणार नाही. तासाभराचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की ‘पाच’ सरळ ‘सात’च्या पुढे जाणार. कंपनी खोटं बोलत नव्हती. सातचा आकडा लॅपटॉपच्या गटातला होता आणि पाचचा डेस्कटॉपच्या. शेवटचं ‘यू’ हे कमी विजेच्या गटाचं अक्षर तेवढं खरं सांगत होतं, पण त्याकडे बघतो कोण?

प्रोसेसर वीज खातो आणि जवळपास सगळीच उष्णता म्हणून बाहेर टाकतो. वॅटचा आकडा म्हणजे मुख्यतः ही उष्णता किती वेगानं काढून घ्यावी लागेल याचं माप. डेस्कटॉपच्या डब्यात तळहाताएवढा पंखा, धातूच्या पात्यांचा भला मोठा ठोकळा आणि खेळती हवा असते. लॅपटॉपमध्ये एक चपटी तांब्याची नळी, बारीकसा पंखा आणि वर कीबोर्ड, ज्यावर माणसाची बोटं असतात. शिवाय बॅटरी.

आता या सगळ्यामागचं गणित. चिपमधल्या स्विचिंगला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १९९३ चा पहिला पेंटियम (ज्याच्याशी पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचं नाव जोडलं जातं) ५ व्होल्टवर चाले आणि त्या काळाच्या मानानं चांगलाच तापे. पुढच्याच वर्षी त्याची आवृत्ती ३.३ व्होल्टवर आली. जानेवारी २००० मध्ये इंटेलनं लॅपटॉपच्या पेंटियम-३ मध्ये ‘स्पीडस्टेप’ आणलं. चार्जर लावलेला असताना ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट, बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. कागदावर मांडून बघा: वेग २३ टक्क्यांनी उतरतो, वीज मात्र सुमारे ४५ टक्क्यांनी वाचते. उलट्या दिशेनं वाचलं तर हेच गणित डेस्कटॉपचं आहे. शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो, आणि डेस्कटॉप तो विकत घेतो, कारण त्याला परवडतं.

एकदा मात्र त्यालाही परवडलं नाही, आणि मला या विषयातला सगळ्यात रंगतदार भाग तोच वाटतो. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम-४ ची सगळी भिस्त गिगाहर्ट्झवर होती. जाहिरातीत मोठा आकडा हवा, म्हणून रचनाच अशी की घड्याळ पळत राहावं. ट्रान्झिस्टर लहान होत गेला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं आणि चिप जास्त तापत नाही, हा आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला हिशोब तोवर पाठीशी होता. २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ आवृत्तीपर्यंत येता येता तो कोलमडला. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. ३.८ गिगाहर्ट्झचा प्रेस्कॉट ११५ वॅटचा होता: शंभराच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता, तीही चौरस सेंटिमीटरहून जराशाच मोठ्या चकतीतून. त्याचा वारसदार मे २००४ मध्ये रद्द झाला. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा बेतही गुंडाळला, तेव्हा ऑरलँडोच्या एका परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी चक्क व्यासपीठावर गुडघे टेकून माफी मागितली. गमतीनं, पण मागितली.

तोवर इस्रायलमधल्या हैफा इथल्या इंटेलच्या चमूनं लॅपटॉपसाठी वेगळंच काहीतरी करून ठेवलं होतं. स्वस्त संगणकासाठीचा त्यांचा आधीचा प्रकल्प २००० मध्ये मोडीत निघाला होता. मग त्यांनी पेंटियम-३ चा जुना सांगाडा हाताशी धरला आणि वेगाऐवजी वॅट मोजायला सुरुवात केली. मार्च २००३ मध्ये ‘सेंट्रिनो’ या नावाखाली पेंटियम-एम आला. १.६ गिगाहर्ट्झ, साधारण २५ वॅट. पुष्कळ कामांत तो कितीतरी जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ ला भारी पडे. हौशी लोकांना हे लगेच उमगलं. आसुसनं तर डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर हा लॅपटॉपचा प्रोसेसर बसवता यावा म्हणून खास अडॅप्टर काढला. जुलै २००६ मध्ये डेस्कटॉपसाठी कोअर-२ ड्युओ आला, ६५ वॅटचा, तो याच हैफाच्या घराण्यातला. पेंटियम-४ ची शाखा तिथेच खुंटली. लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे डेस्कटॉपची काटछाट केलेली आवृत्ती, असं आजही दुकानात ऐकू येतं, तेव्हा ही वंशावळ सांगावीशी वाटते.

आज तर अनेकदा लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हींच्या प्रोसेसरमधली चकती एकच असते. इंटेलचा डेस्कटॉपसाठीचा आय-९-१३९००के आणि जाड गेमिंग लॅपटॉपसाठीचा आय-९-१३९८०एचएक्स, दोघांतही २४ कोअर. मूळ मर्यादा एकाची १२५ वॅट, दुसऱ्याची ५५. जोर लावताना कमाल २५३ आणि १५७. ॲपलनं २०२० मध्ये एम-१ हा प्रोसेसर पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्येही घातला आणि पंखा असलेल्या मॅक मिनी या डेस्कटॉपमध्येही. थोडा वेळ दोघे बरोबरीनं पळतात. काम लांबलं की एअर तापतो आणि आपणहून मंदावतो.

या ‘थोडा वेळ’मध्येच ग्राहक फसतो. स्टिकरवरचा किंवा जाहिरातीतला सर्वाधिक वेग हा टर्बो वेग असतो. प्रोसेसर तो काही सेकंद, फार तर मिनिटभर देतो, मग ठरलेल्या वॅटवर खाली येतो. ते वॅट ठरवण्यात लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचाही हात असतो, त्यामुळे एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप अर्ध्या तासाच्या कामात वेगवेगळा निकाल देऊ शकतात. घेण्याआधी चाचणी बघायची तर सलग दहा-पंधरा मिनिटं चाललेली बघावी. एका फेरीचा आकडा बघून काही कळत नाही. आणि लॅपटॉपचा प्रोसेसर आता बहुतेक बोर्डाला सोल्डर केलेलाच येतो. डेस्कटॉपचा खटका उघडून बदलता येतो. लॅपटॉपमध्ये जो घेतला तोच शेवटपर्यंत.

डेस्कटॉपच्या सढळ हाताचीही किंमत मोजावी लागली आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना मध्येच कोसळू लागले. २०२४ मध्ये कंपनीनं कारण जाहीर केलं: चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्यानं ती झिजत होती. सुधारित मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून मिळाली. त्याच पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरना हा दोष नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं.