धडधड, थरथर आणि बीपीची गोळी



छातीत धडधडते, हात कापतात, तोंडाला कोरड पडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. अशी तक्रार कुणी पारावर काढली की शेजारी हमखास म्हणतो, "अहो, आमच्या अण्णांना बीपीची गोळी चालू झाल्यापासून ते कसे निवांत झालेत बघा. त्यातलीच एक घेऊन बघा की!" मग अण्णांच्या पाकिटातली एक गोळी कापून दिली जाते. या उपायात थोडे सत्य आहे, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. साफ खोटे असते तर कुणी ऐकलेच नसते.

पहिली गोष्ट म्हणजे 'बीपीची गोळी' असे एकच औषध नसते. नुसते 'खत टाका' म्हटल्यावर युरिया टाकायचा की पोटॅश, हे आपण विचारतोच ना? तसेच इथे आहे. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. टेल्मिसार्टन वेगळ्या वाटेने तेच काम साधते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अंगातले जादा मीठ-पाणी बाहेर काढतात. रक्तदाबासाठी ही औषधे उत्तम आहेत, पण चिंतेच्या धडधडीशी त्यांचा संबंध नाही. उलट अ‍ॅम्लोडिपिनने काहीजणांना धडधड जास्तच जाणवते. शेजाऱ्याच्या पाकिटात यातलेच काही निघण्याचा संभव जास्त.

ज्या गोळीमुळे ही समजूत पसरली ती वेगळी. तिचे नाव प्रोप्रॅनोलॉल. ती काय करते हे समजायला आधी भीती अंगात कशी चालते ते पाहू.

रात्रीची लाईट, पाणी धरायला गेलोय आणि सरीतून बिबट्या समोर आला. त्याच क्षणी मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या दोन लहान ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन नावाचा द्रव रक्तात सोडतात. हृदय जोरात पळू लागते, स्नायू ताठतात, हात थरथरतात. पळायला किंवा काठी उगारायला शरीर तयार होते. यात बिघाड काही नाही, ही निसर्गाची सोयच आहे. पण शरीराला बिबट्या आणि बँकेची नोटीस यातला फरक कळत नाही. मुलीच्या लग्नाची तारीख असो, कोर्टाची तारीख असो, अ‍ॅड्रेनालिन तेच सुटते. पळायचे मात्र कुठे नसते. मग माणूस खाटेवर पडून स्वतःच्याच छातीचे ठोके मोजत बसतो, 'हार्टचं तर काही नाही ना' म्हणून आणखी घाबरतो आणि ठोके आणखी वाढतात. हृदयाकडून मनाकडे अशी उलटी वाट खरोखर असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या हृदयाचे ठोके प्रकाशाच्या साहाय्याने वाढवले. जिथे धोका वाटावा अशा जागी हे उंदीर जास्त बिचकून वागू लागले.

अ‍ॅड्रेनालिन हृदयावर काम करते ते किल्लीने कुलूप उघडावे तसे. प्रोप्रॅनोलॉल ही त्या कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली आहे. ती बसली की खरी किल्ली आत जात नाही. हे औषध शोधणारे जेम्स ब्लॅक हे स्कॉटलंडचे. हृदयाला रक्त अपुरे पडून छातीत कळ येते, त्या रोगावर त्यांना उपाय हवा होता. त्यांचा विचार आपल्याला सहज पटावा असा आहे. विहिरीचे पाणी वाढवता येत नसेल, तर पिकाची गरज कमी करा! हृदयाचे काम हलके केले तर कमी रक्तातही त्याचे भागेल. हे औषध १९६०च्या दशकाच्या मध्यास बाजारात आले. त्याने रक्तदाबही उतरतो हे लंडनच्या डॉक्टर प्रिचर्ड यांनी १९६४ साली दाखवले, आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

चिंतेचा भाग पुढे आला तो १९६६ साली. 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात चिंताग्रस्त रुग्णांवरील प्रयोगाची हकीकत छापून आली. धडधडीसारखी अंगातली लक्षणे प्रोप्रॅनोलॉलने कमी झाली होती. मनातल्या काळजीवर तेवढा परिणाम दिसला नव्हता. आज इतक्या वर्षांनीही मुद्दा तिथेच आहे. भोंगा बंद होतो, आग लागली असेल तर ती तशीच राहते.

म्हणून ठराविक वेळेच्या भीतीला ही गोळी चांगली उपयोगी पडते. मैफलीत व्हायोलिनचा गज थरथरू नये म्हणून पाश्चात्त्य वादक ती घेत आले. पिस्तूल-नेमबाजांचा हात तर तिने इतका स्थिर होतो की त्या खेळात तिला बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सु याची रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदके याच औषधापायी काढून घेतली गेली. पण महिनोन्‌महिने पाठ न सोडणाऱ्या चिंतेचे काय? २०१६ साली आजवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा तशा आजारांवर हे औषध नेहमी वापरावे असा पुरेसा पुरावा मिळाला नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. ही गोळी कुणी घेऊ नये?

दमेकऱ्याने तर मुळीच नाही. ते कुलूप श्वासनलिकांतही असते, आणि तिथे अ‍ॅड्रेनालिनचे काम नळ्या मोकळ्या ठेवण्याचे. ते अडले की नळ्या आवळतात. पाचट पेटले की ज्यांची छाती भरते, जे तोंडात फवारा मारतात, त्यांना ही अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. 'अण्णांना चालते' म्हणून तुम्हाला चालेल असे नाही.

मधुमेहवाल्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, फार जपावे. रक्तातली साखर एकदम घसरली की आधी धडधडते, हात कापतात, आणि माणूस चटकन गूळ-साखर तोंडात टाकतो. या गोळीने ती सूचनाच गप्प होते. घाम तेवढा सुटतो, त्याकडे लक्ष ठेवावे. ज्यांची नाडी मुळातच मंद आहे, हृदयाच्या विजेत अडथळा आहे, त्यांनाही ती चालत नाही.

आणि प्रत्येक धडधड चिंतेचीच कशावरून? थायरॉईड वाढले तरी धडधडते, हात थरथरतात, वजन उतरते. बायामाणसांत अंगात रक्त कमी असले तरी जिना चढताना छाती उडते, आणि घरचे म्हणतात, "तिला काळजी करायची सवयच आहे." गोळीने लक्षण झाकले की मूळ दुखणे आणखी वर्षभर लपून राहते. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे असेल तर गोळीची चर्चाच नको, गाडी काढा.

रक्तदाबाची आणखी दोन औषधे मनाच्या आजारात कधीमधी वापरतात. क्लोनिडिन हे एक. दुसरे प्राझोसिन, युद्धावरून आलेल्या सैनिकांच्या भयंकर स्वप्नांसाठी. त्याच्याकडून मोठी आशा होती, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ३०४ माजी सैनिकांवरच्या प्रयोगात बिनऔषधी गोळीपेक्षा त्याचा फायदा जास्त दिसला नाही. प्राझोसिनच्या पहिल्याच गोळीनंतर उभे राहताना माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

डॉक्टरांनी तपासून प्रोप्रॅनोलॉल दिले असेल तर बिनधास्त घ्यावे, मात्र रोज चालू असलेले एका दिवसात सोडू नये. 'आता बरं वाटतंय' म्हणून किंवा पाकीट संपले आणि तालुक्याला जाणे झाले नाही म्हणून ते तुटले, तर दबलेले हृदय एकदम उसळते. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना त्यातून झटकाही येऊ शकतो. डॉक्टर आठवड्या-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत नेतात. किती मिलिग्रॅम घ्यावे हे आम्ही इथे मुद्दाम लिहिलेले नाही.

एक गोष्ट घरच्यांसाठी. या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या तर जीव वाचवणे डॉक्टरांनाही कठीण जाते. ब्रिटनमध्ये २०२० साली एका सरकारी तपास अहवालाने हा धोका ओळखला जात नाही असा इशारा दिला. घरात कुणी कर्जाने, नापिकीने खचले असेल, 'आता जगून काय करायचं' अशी भाषा करत असेल, तर पाकीट दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा. तणनाशक आणि कीटकनाशकांचे डबेही त्याच कुलपात जाऊ द्या. त्या माणसाला एकटे सोडू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. फोन क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, आणि रात्री दोन वाजता लावला तरी चालतो.