मिलेनियल म्हणजे नेमकं कोण? चिखलीतून पाहिलेले सहा गैरसमज

'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत' ही तक्रार जुनीच आहे. अलीकडे तिला एक नवं नाव मिळालं आहे: मिलेनियल. बूमर, मिलेनियल, जेन झी ही नावं मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून आता घराघरांत पोचली आहेत आणि त्यांच्यासोबत स्वभावाची तयार यादीही येते. मिलेनियल म्हटला की तो आळशी, चंचल, आत्ममग्न, उधळा आणि लग्न टाळणारा असणार, असं धरून चाललं जातं.

या नावाची सर्वांत प्रचलित व्याख्या १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांची आहे. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेले लोक. बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात हीच माणसं घर चालवतात. वावर पाहणारी, बाजार समितीत माल नेणारी, शाळेत आणि दवाखान्यात राबणारी, चाकणला किंवा वाळूजला कामाला गेलेली. त्यांच्यावरचे शिक्के वस्तुस्थितीशी ताडून पाहायला हवेत.

गैरसमज १ : पिढ्यांची ही वाटणी शास्त्राने ठरवली आहे

वस्तुस्थिती : 'मिलेनियल' हे नाव विल्यम स्ट्रॉस आणि नील हाउ या दोन अमेरिकी लेखकांनी १९८७ च्या सुमारास रूढ केलं. २००० साली शाळा संपवून बाहेर पडणारी अमेरिकी मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. १९८१ ते १९९६ ही सीमा प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१८ मध्ये पक्की केली. १९९६ वर थांबण्याचं एक कारण म्हणजे ११ सप्टेंबर २००१ चा न्यूयॉर्कवरचा हल्ला. तो समजण्याइतकी मोठी असलेली मुलं एका बाजूला आणि त्याची आठवण नसलेली दुसऱ्या बाजूला, अशी ती रेघ आहे.

या रेघेला अभ्यासकांनीच हरकत घेतली. मेरीलँड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन यांनी २०२१ मध्ये ही लेबलं वापरणं थांबवा, असं खुलं पत्र प्यूला लिहिलं आणि दीडशेहून अधिक अभ्यासकांनी त्यावर सह्या केल्या. पुढे २०२३ मध्ये प्यूनेही आपण ही नावं यापुढे जपून वापरू, असं जाहीर केलं. त्याआधी २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने कामाच्या ठिकाणी माणसांची पिढीनुसार विभागणी करायला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला होता.

गैरसमज २ : एका वयाचे लोक जगभर सारखेच घडतात

वस्तुस्थिती : समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्येच याचं उत्तर दिलं होतं. एकाच काळात जन्मणं पुरेसं नाही, तर त्या काळाच्या घडामोडींत सहभाग असावा लागतो, तेव्हा पिढी बनते, असं त्यांचं म्हणणं होतं. शहरातल्या उलथापालथीचा ज्यांना स्पर्शही झाला नाही, असे दूरच्या खेड्यांतले शेतकरी तरुण आणि त्याच वयाचे शहरी तरुण यांना त्यांनी एका पिढीत धरलं नाही.

हे चिखलीला लावून पाहा. इथल्या आजोबांच्या आठवणीत बहात्तरचा दुष्काळ असतो: रोजगार हमीवर फोडलेली खडी, मिलोची लाल भाकर, सुकडी. त्यांच्या मुलानातवंडांच्या वाट्याला आलं ते कर्ज आणि शेतकरी आत्महत्यांचं सावट. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलडाणा होता. १९८५ ते १९९० दरम्यान जन्मलेली इथली मुलं तेव्हा शाळा-कॉलेजात होती. त्यांच्या जडणघडणीची रेघ ओढायचीच असेल, तर ती न्यूयॉर्कपेक्षा आपल्या गावातल्या सावकाराच्या वहीतून जाते.

'बूमर' या नावाचंही तसंच. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९६४ या काळात जन्मदर उसळला, म्हणून ते नाव पडलं. भारतात अशी युद्धोत्तर उसळी नव्हतीच. आपली लोकसंख्या सर्वांत वेगाने वाढली ती १९६१ ते १९८१ या वीस वर्षांत, दर दशकाला जवळपास २५ टक्क्यांनी.

गैरसमज ३ : कष्ट नकोत म्हणून यांनी शेती सोडली

वस्तुस्थिती : आधी जमिनीचा हिशेब करू. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साधारण साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. वाटण्या होत गेल्या आणि वावराचे तुकडे पडले. त्या तुकड्यावर पावसाच्या भरवशावरचं सोयाबीन. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि ऐन हंगामात बाजारातला भाव त्याच्याही खाली होता. एवढ्यावर दोन भावांचे संसार चालत नाहीत, म्हणून एक भाऊ बाहेर पडतो.

आणि तो पूर्ण बाहेर पडतही नाही. सोयाबीनची सोंगणी दसरा-दिवाळीच्या तोंडावर येते, तेव्हा कारखान्यात कामाला असलेली पोरं सुट्टी टाकून गावी येतात. तोंडाला रुमाल बांधून मळणी यंत्रात सुड्या लोटतात, धुराळ्यात पोती शिवतात, माल बाजार समितीत टाकतात आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला परततात. चिखलीला अजून रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. त्यामुळे रात्रभर बसचा प्रवास करून सकाळच्या पाळीला उभं राहायचं. याला आळस म्हणता येत नाही.

गावात राहिलेल्यांतले कितीतरी जण अभ्यासिकेत बसतात. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. राज्य सेवेसाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षं आहे, मागासवर्गीयांची ४३. म्हणजे कितीतरी मिलेनियल आजही परीक्षाच देत आहेत. अपयश त्यांच्या वयाच्या खात्यावर मांडण्याआधी जागा आणि अर्ज यांचं प्रमाण पाहायला हवं.

गैरसमज ४ : हे एका नोकरीत टिकत नाहीत

वस्तुस्थिती : इथे वय आणि पिढी यांची गल्लत होते. विशी-पंचविशीतला माणूस नोकरी बदलतो, चाळिशीतला कमी बदलतो. आजच्या पंचविशीतल्याची तुलना आजच्या पन्नाशीतल्याशी केली, तर तरुण चंचलच दिसणार. तुलना करायची ती तेव्हाच्या तरुणांशी. प्यूने अमेरिकेत नेमकी ती केली. २०१६ मध्ये १८ ते ३५ वयाच्या नोकरदारांपैकी सुमारे ६३ टक्के लोक त्याच नोकरीत वर्षाहून अधिक काळ टिकून होते. २००० मध्ये त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण सुमारे ६० टक्के होतं. मिलेनियल उलट किंचित जास्तच टिकलेले दिसले.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्याची नोकरीच कंत्राटी आहे, त्याचं कंत्राट संपलं की त्याला दुसरं काम शोधावंच लागतं. टिकायचं की नाही, हे ठरवणं त्याच्या हातात नसतं.

गैरसमज ५ : ही पिढी लग्नच टाळते

वस्तुस्थिती : महानगरातल्या उच्चशिक्षितांचं चित्र सगळ्यांवर चिकटवलं गेलं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणींचं लग्न वयाच्या अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. या स्त्रिया १९९१ ते १९९६ च्या आसपास जन्मलेल्या, म्हणजे व्याख्येनुसार अस्सल मिलेनियल. त्यांना लग्न टाळायचा पर्याय कुणी दिलाच नव्हता.

दुसरीकडे शेतकरी मुलाची सोयरीक जुळत नाही, ही गावोगावची व्यथा आहे. त्यात मुलीकडच्यांना शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा वाटत नाही, हे आहेच. पुढच्या काळात त्यात आकड्यांचीही भर पडणार आहे. २००१ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ राहिल्या. जन्मालाच न आलेल्या मुलींचा दोष आजच्या तरुणांच्या 'आवडीनिवडी'वर टाकणं अन्यायाचं आहे. तो निर्णय त्यांच्या आधीच्यांनी घेतला होता.

गैरसमज ६ : हे मोबाइल घेऊनच जन्माला आले

वस्तुस्थिती : भारतात मोबाइलवरून पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, तोही कोलकाता आणि दिल्लीदरम्यान. स्वस्त इंटरनेट गावांत पोचलं ते २०१६ नंतर. तोवर १९८१ मध्ये जन्मलेला माणूस पस्तिशीत आला होता. एसटीडी बूथवर रांगेत उभं राहणं आणि पत्राची वाट पाहणं त्याने अनुभवलं आहे. शिवाय २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ६१.५ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, तर स्त्रियांपैकी ३८ टक्क्यांनीच. त्याच घरात, त्याच वयात, एकाच्या हाती इंटरनेट आणि दुसरीच्या हाती नाही, एवढी ही दरी आहे.

मग ही तक्रार इतकी पटते का?

कारण ती प्रत्येक काळात पटत आली आहे. अमेरिकी लेखक टॉम वुल्फ यांनी १९७६ मध्ये 'मी-मी' करणारे म्हणून ज्या तरुणांना नावं ठेवली, तेच आजचे 'बूमर'. आपल्याकडे १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांनी 'नव्या' स्त्रिया बिघडल्याची ओरड केली, तेव्हा बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहून त्या सरसकट दोषारोपाला उत्तर दिलं. सरसकट शिक्क्याला नाव घेऊन, मुद्दे मांडून उत्तर देण्याची परंपरा याच जिल्ह्यातली आहे.

२०१९ मध्ये जॉन प्रॉट्झ्को आणि जोनाथन स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी यामागचं एक कारण दाखवलं. जो माणूस ज्या गुणात स्वतः पुढे असतो, त्याच गुणात त्याला आजची मुलं मागे पडलेली दिसतात. भरपूर वाचणाऱ्याला वाटतं, मुलं वाचत नाहीत. आजचं आपलं मोजमाप आपण नकळत कालच्या सगळ्या मुलांना लावतो.

काळाचा ठसा माणसावर उमटतो, हे खरंच आहे. पण तो सगळ्यांवर सारखा उमटत नाही. ज्याच्या बापाने वावर गहाण ठेवून चिखलीतच त्याला इंजिनीअर केलं तो, दहावीनंतर ट्रॅक्टरवर बसलेला त्याचा वर्गमित्र आणि सतराव्या वर्षी सासरी गेलेली त्यांची वर्गमैत्रीण, हे तिघे एकाच वर्षी जन्मले. त्यांना एक नाव दिल्याने तिघांपैकी एकाचंही आयुष्य कळत नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी 'यांची पिढीच अशी' हे वाक्य ओठांवर आलं, तर समोरच्याला चार गोष्टी विचारा: वावर किती आहे, शिक्षण कुठवर झालं, कर्ज किती आहे आणि घरातल्या मुलीच्या वाट्याला काय आलं. मग काय ते मत बनवा.