हॉटेलांतील खोलीचें छायाचित्र

हल्लीं प्रवासी चित्र पाहूनच हॉटेलचे पैसे आगाऊ भरतो. तेव्हां तें चित्र खरें उतरणें उभयतांच्या हिताचें आहे. खोलींत उभे राहिलों असतां आम्हांस खिडकीबाहेरचा समुद्रही दिसतो व पलंगाखालची सावलीही. कॅमेऱ्यास हें एकदम साधत नाहीं. खोली नीट उमटावी तर खिडकी पांढरी फटक. समुद्र धरावा तर आंत काळोख! म्हणून फ्लॅशचा दिवा आणावा लागतो. तो थेट रोखला तर जवळची उशी झगझगते व पलीकडची भिंत काळवंडते. कारण अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाई उरतो. यास्तव कसबी मनुष्य तो पांढऱ्या छतावर टाकून परतवितो, व सावल्या मवाळ होतात. (१८८७ सालीं जर्मनींत निघालेली मॅग्नेशियमची भुकटी पेटविली कीं खोली धुरानें भरे.) मात्र ओल आलेला कोपरा मुद्दाम अंधारांत ठेवणें, ह्यास आम्ही कसब म्हणणार नाहीं.

रंगाचें प्रकरण अधिक नाजूक. मेजावरील पिवळसर दिवा सुमारें २७०० ते ३००० केल्व्हिनचा, फ्लॅश व दुपारचें ऊन सुमारें ५५००चें. म्हणून एकच भिंत इकडे पिवळी, तिकडे निळी दिसते. फ्लॅशवर नारिंगी पारदर्शक पापुद्रा चढविला म्हणजे तो दिव्यांशीं जुळतो. खिडकींतील संध्याकाळ तेवढी निळी राहते, व ती शोभतेही.