कूळ, खोत आणि लोकसभा

७ एप्रिल १९६७ रोजी लोकसभेत विरोधी बाकांवरच्या एका सदस्याने घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले. सदस्य होते बॅरिस्टर नाथ पै. पक्ष प्रजासमाजवादी, मतदारसंघ राजापूर, जन्मगाव वेंगुर्ले. विधेयकाची मागणी थोडक्यात अशी होती: मूलभूत हक्कांच्या प्रकरणासह घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे ३६८व्या कलमात निःसंदिग्धपणे लिहिले जावे.

वरवर पाहता हा घटनापंडितांचा वाद वाटतो. मालवणच्या दांडीवर रापण ओढणाऱ्याचा, आचऱ्याच्या मळ्यात भात लावणाऱ्याचा किंवा कुडाळच्या वरकस जमिनीत नाचणी पिकवणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध थेट होता. त्या चर्चेत शब्द 'मूलभूत हक्क' असा येत असला, तरी ज्या हक्कावरून रणे माजली होती तो मालमत्तेचा हक्क होता. आणि मालमत्ता म्हणजे त्या काळच्या भारतात प्रामुख्याने जमीन.

सहा आठवडेही झाले नव्हते. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला होता. जालंधरच्या हेन्री आणि विल्यम गोलकनाथ या बंधूंच्या कुटुंबाकडे पाचशे एकरांहून अधिक जमीन होती. पंजाबच्या जमीनधारणा कायद्याने त्यांना प्रत्येकी तीस एकर ठेवता येणार होती. न्या. सुब्बा राव यांच्या अध्यक्षतेखालील अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी ठरवले की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. झालेल्या दुरुस्त्या तेवढ्या कायम राहतील. याचा अर्थ कोकणातल्या कुळाला मिळालेले संरक्षण वाचले. पण उद्या त्यात काही भर घालायची झाली, तर संसदेचे दार बंद. नाथ पै यांच्या विधेयकाची निकड इथे होती.

अर्धेल, तिर्धेल आणि वेठ

कुळाला हे संरक्षण मिळाले कसे, हे समजण्यासाठी आणखी तीस वर्षे मागे जावे लागते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. देवगड, मालवण, वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोती पसरलेली होती. खोत हा सरकार आणि रयत यांच्या मधला माणूस. तो सरकारात ठरलेला सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा घेई. भाताच्या जमिनीत बहुधा अर्धा म्हणून अर्धेल, वरकस जमिनीत तिसरा हिस्सा म्हणून तिर्धेल. त्याशिवाय वेठ होतीच: खोताच्या शेतावर, खोताच्या घरी, खोताच्या कार्याला फुकट राबणे. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांची नोंद केली, पण ते मोडले नाहीत.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई प्रांताच्या विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्यांचे घराणे मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. खोतीचा काच त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता. विधेयकात दोन गोष्टी होत्या: जमीन जो प्रत्यक्ष कसतो आणि ज्याच्या ताब्यात ती आहे, त्याला खातेदाराचा दर्जा द्यावा, आणि हक्क गमावणाऱ्या खोताला वाजवी भरपाई द्यावी. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. बोटीने, पायी, मिळेल त्या वाटेने माणसे आली. आंबेडकरांबरोबर शामराव परुळेकर आणि इंदुलाल याज्ञिक यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर हे स्वतः रत्नागिरीत जन्मलेले, तर महसूलमंत्री होते मोरारजी देसाई. हे दुसरे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ते विधेयक कायदा झाले नाही. १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि विषय थांबला. स्वातंत्र्यानंतर मात्र १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि पाठोपाठ खोती नष्ट करणारा कायदा होऊन तो मे १९५० पासून अमलात आला.

राज्यघटनेतले कोकण

कायदे झाले, पण ते टिकतील की नाही याची खात्री नव्हती. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारी नष्ट करणारा कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द ठरवला. हीच पाळी उद्या मुंबई राज्यावर येऊ शकत होती. म्हणून तात्पुरत्या संसदेने पहिली घटनादुरुस्ती केली आणि १८ जून १९५१ रोजी ती अमलात आली. तिने घटनेला नववी अनुसूची जोडली. त्या यादीत नाव असलेला कायदा मूलभूत हक्काचा भंग करतो या कारणावरून रद्द होणार नाही, अशी ही तटबंदी.

त्या पहिल्या यादीत सगळ्या देशातले मिळून तेरा कायदे होते. पहिला बिहारचा. दुसरा मुंबईचा कूळकायदा. सहावा मुंबईचा खोती निर्मूलन कायदा. तेरापैकी सहा कायदे एकट्या मुंबई राज्याचे होते. उत्तर प्रदेशची जमीनदारी, हैदराबादची जहागीर, मद्रासच्या इस्टेटी आणि कोकणची खोती या यादीत एकाखाली एक आल्या. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, जमीनधारणेच्या पद्धती वेगळ्या. पण कसणाऱ्याचे दुःख एक आहे, हे घटनेने मान्य केले. चौदा वर्षांपूर्वी ज्यांचे खोतीविरोधी विधेयक प्रांताच्या विधानसभेत अडकले, ते आंबेडकर या दुरुस्तीच्या वेळी देशाचे कायदामंत्री होते.

या तटबंदीच्या आडोशाने पुढचे पाऊल पडले. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन'. त्या दिवशी कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मानीव खरेदीदार ठरवले. पुढे न्यायाधिकरणाने कलम '३२ ग'ची चौकशी करायची, किंमत ठरवायची, कुळाने ती हप्त्याने भरायची आणि '३२ म'चे प्रमाणपत्र घ्यायचे. त्याच वर्षी नाथ पै राजापूरमधून पहिल्यांदा लोकसभेत गेले. १९६२ आणि १९६७ मध्येही हा मतदारसंघ त्यांच्यामागे उभा राहिला. ज्यांच्या मतांवर ते दिल्लीत बोलत होते, त्यांतले कितीतरी जण नुकतेच कुळांचे जमीनमालक झाले होते किंवा होण्याची वाट पाहत होते.

दोन्ही बाजूंचे सत्य

नाथ पै यांच्या विधेयकाला झालेला विरोध केवळ जमीनदारांच्या कैवाऱ्यांचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आज जमिनीसाठी मूलभूत हक्कांना हात लावलात, तर उद्या दोन तृतीयांश बहुमताच्या जोरावर भाषणाचे, धर्माचे, अल्पसंख्याकांचे स्वातंत्र्यही छाटता येईल, ही भीती खरी होती. अनेक धर्मांच्या आणि अनेक भाषांच्या देशात बहुमत हे नेहमीच शहाणे असते असे नाही. आणीबाणीने पुढे ते दाखवून दिले.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. मालमत्तेचा हक्क अढळ ठेवला, तर ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याचाच हक्क अढळ राहतो. ज्याच्या आज्यापणज्याने दुसऱ्याच्या नावाची जमीन जन्मभर कसली, त्याच्या वाट्याला त्या हक्कातले काहीच येत नाही. नाथ पैंनी लोकांच्या सार्वभौमत्वाची बाजू मांडली ती याच भूमीवर उभे राहून.

विधेयक संयुक्त समितीकडे गेले, परत आले, चर्चा लांबली. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि ते बारगळले. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावला नाथ पैंचे निधन झाले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिचा गाभा त्यांच्याच विधेयकाचा होता. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी तोल साधला: संसद मूलभूत हक्कही दुरुस्त करू शकते, मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. तो खटलाही जमिनीचाच होता. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, केरळच्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे अधिपती त्यात अर्जदार होते.

शेवटचा टप्पा जनता राजवटीचा. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने २० जून १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला आणि ३००-अ या कलमात ठेवला: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही. दुरुस्ती संमत झाली तेव्हा पंतप्रधान होते मोरारजी देसाई, म्हणजे खोती विधेयकाच्या वेळचे महसूलमंत्री. आणि त्यांच्या मंत्रिमंडळात होते राजापूरचे खासदार मधु दंडवते.

चित्र उलटले

इथवरची कथा विजयाची आहे. पण ती इथेच संपवली तर सिंधुदुर्गावर अन्याय होईल. १९६७ मध्ये या किनाऱ्यावरचा सामान्य माणूस कूळ होता आणि मालमत्तेचा हक्क ही त्याच्या मालकाची ढाल होती. आज त्याचे नातवंड दहावीस गुंठ्यांचे मालक आहे. समोर खोत नाही. समोर आहेत महामार्गाची मोजणी, विमानतळ, पर्यटन प्रकल्प, आणि कातळाचे सडेच्या सडे विकत घेणारे बाहेरचे पैसेवाले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून किनाऱ्यालगतच्या गुंठ्याची किंमत शेतीच्या हिशेबात राहिलेली नाही. तोंडवळी-वायंगणीच्या सी-वर्ल्ड प्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला तो समुद्राविषयीच्या आकसातून नव्हे, जमीन जाण्याच्या भीतीतून. ज्या हक्काला आपण मूलभूत यादीतून बाहेर काढले, त्याच हक्काची गरज आता लहान माणसाला लागली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले आहे. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी एका निरक्षर विधवेची जमीन भरपाई न देता घेतली गेली होती. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने तिला भरपाई मिळवून देताना मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्क आहे, असे सांगितले. ज्या वर्षी नाथ पै लोकसभेत विधेयक मांडत होते, साधारण त्याच काळातली ही बेदखली. जमीनदाराविरुद्ध उभारलेले सरकारचे सामर्थ्य एका गरीब बाईवर कसे चालून जाऊ शकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

हा हक्क वापरायचा तर कागद लागतो, आणि कोकणचे खरे दुखणे कागदात आहे. कूळकायद्याने ज्याचे नाव पीकपाहणीला होते त्याला जमीन दिली. ज्याची वहिवाट तोंडी होती तो हुकला. ज्यांना मिळाली त्यांच्या सातबारावर आज तीन पिढ्यांची नावे आहेत. निम्मी माणसे मुंबईत, काही हयात नाहीत, वाटप झालेले नाही. असा सामाईक सातबारा असला की कर्ज अडते, घरकुल अडते, भरपाई अडते. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत तर संस्थानकाळापासूनच्या कबुलायतदार गावकर जमिनींवर शासनाचे नाव लागले आणि आपलीच जमीन आपल्या नावावर व्हावी यासाठी गावांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

घराची गोष्ट याहून नाजूक. कोकणी गाव एका गावठाणात बसत नाही. ते वाड्यावाड्यांत विखुरलेले असते. माड, मांगर, खळे आणि मधे घर. अनेक घरे अशा जागेवर उभी आहेत जिची मालकी सातबारावर दुसऱ्याचीच आहे. कूळकायद्याने याचाही विचार केला होता: कुळाला राहत्या घरातून हुसकावता येणार नाही, घराखालची जागा विकायची तर पहिला हक्क त्याचा, शेतमजूर आणि कारागीर यांनाही हे संरक्षण दिले. शेतीच्या जमिनीबद्दल जितका गाजावाजा झाला, तितका घरजागेच्या या तरतुदींचा कधीच झाला नाही.

आणि ज्यांचा विचार कोणत्याच कायद्याने पुरता केला नाही, ते म्हणजे मच्छीमार. मालवणची दांडी, सर्जेकोट, तळाशील, देवबाग, निवती इथल्या गाबीत वस्त्या पिढ्यान् पिढ्यांच्या आहेत. रापण ओढायला, होडी वर घ्यायला, मासळी सुकवायला किनारा लागतो. तो त्यांच्या रोजच्या वापरात आहे, नोंदीत नाही. ते कुणाचे कूळ नव्हते, म्हणून कूळकायदा त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. १९९१, २०११ आणि २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनांनी बांधकामांवर मर्यादा घातल्या, पारंपरिक वस्त्यांना काही सवलती दिल्या. पण अधिसूचना ही सवलत देते, हक्क देत नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये संसदेने जंगलात राहणाऱ्यांसाठी केला. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी तसा कायदा आजही नाही.

पुढचे विधेयक

म्हणून सिंधुदुर्गाच्या प्रतिनिधींकडे, मग ते विधान भवनात असोत की संसदेत, तीन स्पष्ट मागण्या करायला हव्यात. एक, वाडीवाडीत मोजणी करून राहत्या घराखालची आणि सभोवतालची जागा राहणाऱ्याच्या, आणि त्यात घरातल्या बाईच्याही, नावावर करावी. दोन, सामाईक सातबाराचे वाटप ठरावीक मुदतीत, गावातच शिबिरे घेऊन पार पाडावे. तीन, मच्छीमार वस्त्यांचा आणि त्यांच्या सामुदायिक किनारावापराचा हक्क मान्य करणारा कायदा संसदेने करावा.

यातली तिसरी मागणी मोठी वाटेल. १९३७ मध्ये खोती रद्द करण्याची मागणीही तशीच वाटली होती. तेव्हा सभागृहात एक माणूस उभा राहिला, त्याच्यामागे हजारोंनी वाट तुडवली, आणि बारा वर्षांनी कायदा झाला. नाथ पैंचे विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही, तरी ते मांडले गेले म्हणून पुढची दुरुस्ती शक्य झाली. किनाराहक्काचे विधेयक खासगी म्हणून का होईना, सिंधुदुर्गाच्या खासदाराने मांडावे. ते पहिल्या फेरीत पडले तरी चालेल. ते मांडण्याचा अधिकार या भूमीने कधीच कमावलेला आहे.