खिशातील कॅमेऱ्याची दृष्टी

जबलपूर शहराच्या जुन्या भागात दीक्षितपुरा ही दाट वस्ती आहे. १८६८ साली स्थापन झालेल्या हितकारिणी सभेची शाळा याच वस्तीत आहे. या प्रदेशावर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळी, आणि त्यानंतर नोकरीधंद्याच्या निमित्ताने, आलेली अनेक मराठी कुटुंबे जबलपुरात स्थायिक झाली. घरी मराठी आणि दारी हिंदी असा त्यांचा व्यवहार असतो. अशा एखाद्या घरी भाद्रपदातील संध्याकाळी गणपतीची आरती चालली आहे, अशी कल्पना करावी. निरांजनाची ज्योत हलते आहे, मुले टाळ्या वाजवीत आहेत, सर्वांत धाकटी नात आजोबांच्या पुढे उड्या मारते आहे आणि मागे उभ्या असलेल्या काकूंनी स्मार्टफोन उंच धरून ते दृश्य टिपले आहे. आरती आटोपल्यावर चित्र पाहावे, तो मूर्तीच्या मुकुटावरील नक्षी मण्यामण्यासह उमटलेली; नातीच्या चेहऱ्याच्या ठिकाणी मात्र मेणासारखा गुळगुळीत, नाकडोळे विरघळलेला ठिपका!

खोली तीच, उजेड तोच, कॅमेराही तोच. मग एकाच चित्रात मूर्तीला एक न्याय आणि मुलीला दुसरा, असे का व्हावे? या प्रश्नाचा उलगडा करावयाचा तर प्रथम या कॅमेऱ्याच्या वाट्याला प्रकाश किती येतो, हे पाहिले पाहिजे.

स्मार्टफोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग ज्वारीच्या दाण्याहून फारसे मोठे नसते. त्यातून आलेला प्रकाश ज्या सिलिकॉनच्या चकतीवर पडतो तिला संवेदक म्हणतात. उत्तम प्रतीच्या फोनमध्येही तिची लांबी-रुंदी बहुधा १० व ७ मिलिमीटरच्या आसपास असते. जुन्या कॅमेऱ्यातील फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असे. म्हणजे फोनचा संवेदक तिच्या सुमारे एक-द्वादशांश. एवढ्याशा जागेत लक्षावधी चित्रबिंदू, म्हणजेच पिक्सेल, बसविलेले असतात. पाच कोटी पिक्सेलांच्या संवेदकात एकेका पिक्सेलची रुंदी सुमारे एक मायक्रॉन असते. माणसाच्या केसाच्या जाडीत असे साठ-सत्तर पिक्सेल शेजारी शेजारी मावतील.

पिक्सेल म्हणजे प्रकाशकण साठविणारी वाटी होय. पावसाळ्यात अंगणात सारख्या आकाराच्या वाट्या मांडून ठेवल्या आणि पाऊस एकसारखा पडत असला, तरी प्रत्येक वाटीत थेंब अगदी मोजून सारखे पडत नाहीत. सरासरी १०,००० थेंब पडले तर वाटीवाटीत सुमारे १०० थेंबांचा फरक राहतो, म्हणजे शेकडा एक. तो कोणाच्या लक्षात येणार नाही. सरासरी १०० थेंबच पडले तर फरक १० चा, म्हणजे शेकडा दहा. प्रकाशकणांनाही हाच नियम लागू आहे. उजेड कमी मिळालेले चित्र रवाळ दिसते ते याच कारणाने, आणि कितीही कुशल कारागिराने घडविलेला संवेदक या नियमातून सुटू शकत नाही.

अधिक प्रकाश मिळविण्याचा सरळ उपाय म्हणजे संवेदकावर तो अधिक वेळ पडू देणे. येथेच गतीची अडचण उभी राहते. सेकंदाला तीन मीटर वेगाने धावणारे मूल तीन मीटर अंतरावरून टिपावयाचे आहे असे समजू. साध्या १२० लक्ष पिक्सेलांच्या चित्रात या अंतरावरील एका पिक्सेलला सुमारे एक मिलिमीटर जागा येते. सेकंदाच्या तिसाव्या भागात मूल १० सेंटीमीटर पुढे सरकते; म्हणजे त्याच्या डोळ्याची बाहुली सुमारे शंभर पिक्सेलांवर सारवली जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते ३ मिलिमीटरच सरकते आणि चित्र रेखीव येते. परंतु प्रकाशही पूर्वीच्या तेहतिसाव्या भागाएवढाच मिळतो. गती गोठवावी तर बारकावा रवाळ होतो. बारकावा राखावा तर गती सारवते. छायाचित्रणाचा हा पेच फोनने निर्माण केलेला नाही, पण लहान भिंगामुळे तो फोनला लवकर गाठतो, एवढे खरे.

जबलपूरनजीक भेडाघाट येथे धुआंधार धबधब्यापाशी हा पेच कोणालाही तपासून पाहता येईल. पाच मीटर खाली आलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा मीटर होतो. भर दुपारी फोन सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ घेतो. पाणी एक सेंटीमीटरही सरकत नाही आणि तुषार मोत्यांसारखे सुटे दिसतात. सायंकाळी तोच फोन सेकंदाचा दहावा भाग घेऊ लागला की पाणी मीटरभर ओघळते आणि धबधबा पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. शेजारचे संगमरवरी कडे दोन्ही चित्रांत जसेच्या तसे असतात, कारण त्यांना कोठे जावयाचे नसते.

सूर्यप्रकाश भरपूर असला तर गती पकडणे फार पूर्वीपासून साधले आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीवर आडवे दोरे बांधून, बारा कॅमेऱ्यांच्या साहाय्याने दौडत्या घोड्याची चित्रे घेतली. १८९९ साली मुंबईत हॅंगिंग गार्डन येथे झालेल्या कुस्तीचे चलच्चित्रण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी केले, तेही उघड्यावर. निरांजनाच्या उजेडात उड्या मारणारी नात हे त्या दोघांच्या साधनांपलीकडचे काम होते. आजचा फोन ते करू धजतो याचे श्रेय भिंगापेक्षा गणिताकडे अधिक जाते.

काकूंनी बटण दाबले तेव्हा फोनने एक चित्र घेतले, अशी त्यांची समजूत असेल. वस्तुतः कॅमेरा उघडल्यापासूनच तो चित्रे घेऊन तात्पुरती साठवीत असतो आणि बटण दाबताच त्या क्षणाच्या आगेमागेची अनेक चित्रे एकावर एक रचतो. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी ही रीत एका शोधनिबंधात सविस्तर मांडली. आज ती निरनिराळ्या रूपांत बहुतेक फोनांत असते. नऊ चित्रांची सरासरी घेतली तर रवाळपणा एक-तृतीयांश होतो, सोळांची घेतली तर एक-चतुर्थांश. हात थोडा हलला तरी स्थिर वस्तूंची चित्रे सरकवून एकमेकांवर नेमकी बसविता येतात. आता आरतीच्या चित्राचे कोडे सुटू लागते. मूर्ती जागची हलत नाही. तिच्या मुकुटाला नऊही चित्रांचा प्रकाश लाभतो. मुलगी प्रत्येक चित्रात निराळ्या जागी आहे. तिची चित्रे एकमेकांवर ठेवली तर एका मुलीला तीन तोंडे येतील. म्हणून गणित तेवढ्या भागापुरती बाकीची चित्रे नाकारते व एकावरच भागवते. आणि त्या एका चित्रातील रवाळपणा लपविण्यासाठी तो भाग घोटून गुळगुळीत करते. मेणाचा चेहरा तयार होतो तो असा. फोनमधील भिंग स्थिर राखण्याची यांत्रिक योजनाही येथे निरुपयोगी आहे. ती धरणाऱ्याच्या हाताचा कंप सावरते. मुलीच्या उड्या तिला सावरता येत नाहीत.

फोनच्या चित्रात आणखी एक विकृती आढळते. संवेदकावरील सर्व ओळी एकाच क्षणी वाचल्या जात नाहीत; वरून खाली एकामागून एक वाचल्या जातात. छताचा पंखा मिनिटास ३०० फेरे घेत असेल आणि सर्व ओळी वाचण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागत असेल, तर तेवढ्यात पाते ३६ अंश फिरते आणि चित्रात कोयत्यासारखे वाकलेले दिसते. आगगाडीच्या खिडकीतून टिपलेले तारेचे खांब तिरपे पडतात तेही यामुळेच.

सारवलेले चित्र पुन्हा रेखीव करता येईल काय? या प्रश्नावर नाशिक येथे जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी, अमित अगरवाल व जॅक टंबलिन यांच्यासह, २००६ साली अमेरिकेत एक विलक्षण उपाय मांडला. कॅमेऱ्याची झडप ठरावीक काळ सलग उघडी ठेवली तर धावत्या वस्तूची सरासरी सपाट होते आणि काही बारकावे असे पुसले जातात की कोणत्याही गणिताने ते परत येत नाहीत. रासकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच काळात झडप ५२ भागांच्या सांकेतिक क्रमाने उघडझाप केली. चित्र सारवले, परंतु तारयंत्राच्या ‘कड कट्ट’प्रमाणे त्या सारवणात संकेताचा ठसा राहिला आणि त्यावरून मूळ आकृती उलगडता आली. याची किंमतही प्रकाशातच मोजावी लागते. झडप जवळजवळ अर्धा वेळ मिटलेली असते.

पुढे २०११ साली रासकर व आंद्रेआस व्हेल्टेन प्रभृतींनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत खुद्द प्रकाशाचा स्पंद बाटलीतून जाताना दाखविला. सेकंदाला सुमारे एक लक्ष कोटी चित्रे, असा त्या चित्रणाचा वेग सांगतात. मात्र ती चित्रे एका स्पंदाची नव्हेत. अगदी सारखे असंख्य स्पंद पुनःपुन्हा सोडून त्यांची गोळाबेरीज केलेली आहे. प्रकाशाचा स्पंद दर वेळी हुबेहूब तसाच धावतो, म्हणून हे साधले. नात दुसऱ्यांदा तशीच उडी मारीत नाही.

आता बारकाव्याकडे वळू. पिक्सेलांची संख्या वाढली की बारकावा त्याच प्रमाणात वाढतो, हा जाहिरातींनी रुजविलेला समज फारसा टिकणारा नाही. प्रकाश हा तरंग असल्यामुळे लहान छिद्रातून जाताना तो पसरतो. यास विवर्तन म्हणतात. फोनच्या नेहमीच्या भिंगातून एका बिंदूची प्रतिमा उत्कृष्ट स्थितीतही सुमारे अडीच मायक्रॉन रुंद ठिपक्याएवढी पडते. एक मायक्रॉनचा पिक्सेल या ठिपक्याचे आणखी तुकडे करतो, इतकेच. शिवाय प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते. कोडॅकचे ब्राइस बेयर यांच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अदमासाने भरले जातात. म्हणजे अगदी साध्या चित्रातही रंगाच्या आकड्यांपैकी दोन-तृतीयांश आकडे मोजलेले नसून काढलेले असतात. त्यात वावगे काही नाही. शेजारचे बिंदू बहुधा सारखेच असतात. अदमास कोठवर न्यावयाचा हा खरा प्रश्न आहे.

मार्च २०२३ मध्ये एका जिज्ञासूने चंद्राचे चित्र मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावले व सॅमसंगच्या फोनने ते दुरून टिपले. फोनने दिलेल्या चित्रात, पडद्यावर नसलेले बारकावेही उमटले होते! फोन चंद्र ओळखून, शिकविलेल्या नमुन्यांच्या आधारे त्याचे तपशील उठावदार करतो, असे कंपनीने स्पष्ट केले. चंद्राच्या बाबतीत हा अदमास फारसा चुकत नाही, कारण तो पृथ्वीला सदैव एकच बाजू दाखवतो. परंतु ज्याची दुसरी प्रत जगात नाही अशा वस्तूचे काय?

दीक्षितपुऱ्यातील आपल्या कल्पित घरी ट्रंकेच्या तळाशी पणजोबांचे मोडी हिशेबाचे कागद आहेत असे समजू. कडा झिजलेल्या, शाई विटलेली. काकूंना त्यांची चित्रे काढून पुण्याच्या व नागपूरच्या नातलगांस पाठवावयाची आहेत. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग तिला अक्षरे लोंबविलेली असतात. हिशेबात आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा रुपया व १।। म्हणजे दीड. संध्याकाळच्या दिव्यात कागद टिपला, फोनने रवाळपणा घोटून काढला आणि त्यात एक विटकी रेघ पुसली गेली, तर दिडाचा सव्वा होतो. चित्र स्वच्छ दिसते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. फोनमधील कागद ‘स्कॅन’ करण्याची सोय याहून घातक ठरू शकते. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करण्याच्या भरात ती फिकट शाईलाही पार्श्वभूमीच समजते.

असा कागद सकाळी दहाच्या सुमारास, ऊन थेट पडणार नाही अशा बेताने, खिडकीपाशी सपाट ठेवावा. फोन हातात न धरता पुस्तकांच्या दोन चळतींवर टेकवावा आणि तीन सेकंदांच्या विलंबाने चित्र घ्यावे, म्हणजे बोटाच्या दाबाचा धक्का लागत नाही. फार जवळ जाऊ नये. तसे केल्यास पुष्कळ फोन आपण होऊन दुसऱ्या, हलक्या भिंगाकडे वळतात. ३० सेंटीमीटर रुंद कागद ४,००० पिक्सेलांत बसविला तर दर मिलिमीटरला तेरा पिक्सेल येतात आणि बोरूची पाव मिलिमीटरची बारीक रेघ तीन पिक्सेलांत मावते. कागदाचे दोन भाग करून दोन चित्रे घेतली तर त्याच रेघेला सहा पिक्सेल मिळतात. कडेला मोजपट्टी ठेवावी, आणि संशयाच्या जागी थोड्या तिरप्या उजेडात आणखी एक चित्र घ्यावे. रेघ खरी असेल तर ती दोन्ही चित्रांत सापडते.

नातीचे चित्रही सुधारता येण्यासारखे आहे. आरतीच्या वेळी खोलीतील नेहमीचा दिवा मालविला नाही, किंवा ‘समेवर’ सर्वांच्या टाळ्या थांबतात त्या निमिषाला बटण दाबले, तर तिचा चेहरा चेहऱ्यासारखा येईल. कागदांचे काम आटोपले की प्रत्येक चित्र मोठे करून मूळ ओळींशी ताडून पाहावे, रेघा मोजाव्यात, आणि मूळ कागद पूर्ववत रुमालात बांधून ट्रंकेत ठेवून द्यावेत.