गावाचं नाव एकाच जागी ठेवा

कनेरगाव नाका हिंगोली–वाशिम रस्त्यावर, जिल्ह्याच्या हद्दीजवळ आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तर 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली. दहा महिन्यांत हद्दीच्या दोन्ही अंगांचे जिल्हे बदलले. गावं होती तिथेच राहिली. इथल्या आडत दुकानासाठी संगणकप्रणाली बांधायची, तर असे बदल पचवणारी हवी.

तक्ते वेगळे करा. डेटाबेस म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांत ठेवलेली माहिती. शेतकरी, गाव, जिल्हा, शेतमाल, पावती असा प्रत्येकाचा आपण स्वतंत्र तक्ता करू. पावतीत शेतकऱ्याचा क्रमांक आणि शेतकऱ्याच्या नोंदीत गावाचा क्रमांक, एवढंच पुरतं.

ओळख क्रमांकाने ठेवा. इथे हमखास चूक होते. एकाच नावाची अनेक गावं असतात, आणि एकाच गावाचं नाव कुणी ‘कनेरगाव’ लिहितं, कुणी ‘कन्हेरगाव’. जमिनीच्या गट क्रमांकावरही विसंबू नये; पोटहिस्सा पडला की तो बदलतो. म्हणून प्रत्येक नोंदीला प्रणालीनेच एक क्रमांक द्यावा, ज्याला दुसरा काही अर्थ नसेल. सरकारी गाव-कोड शेजारच्या रकान्यात ठेवावा.

नात्याला तारीख द्या. गाव कोणत्या जिल्ह्यात, हे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखांसह नोंदवा. मग कनेरगाव नाक्याची 1997 ची पावती परभणी दाखवेल, 2000 ची हिंगोली.

आता घटक बांधा. घटक म्हणजे एकदा लिहून अनेक ठिकाणी बसवता येणारा प्रणालीचा तुकडा. ‘गाव निवडा’ हा घटक तारीख घेईल आणि गावाचा क्रमांक परत देईल. हळद खरेदी असो की बियाणे विक्री, तोच चालेल. पुढे कुणीतरी त्यात ‘हळद असेल तर…’ अशी अट घालतं आणि घटक एकाच कामाचा उरतो. अशी अट त्या-त्या कामाच्या अर्जात ठेवावी.

अशी विभागणी आपल्या सातबाऱ्यातही दिसते. गाव नमुना 7 मध्ये हक्क, 12 मध्ये पिकं. 2021 पासून शेतकरी ई-पीक पाहणीत मोबाइलवरून पिकाची नोंद करतात. त्याने मालकीच्या नोंदीला धक्का लागत नाही. तिथे बदल हवा, तर फेरफारच लागतो.

शेवटी परीक्षा. चाचणीच्या प्रतीत एक काल्पनिक नवा जिल्हा घाला आणि आपलं गाव त्यात टाका. त्यासाठी फक्त तक्त्यांतल्या नोंदी बदलाव्या लागल्या, तर बांधणी बरोबर. एखादा अर्ज किंवा पावतीचा छापील नमुना उघडावा लागला, तर जिल्ह्याचं नाव तिथे लिहिलेलं राहिलं आहे. आधी ते काढा.